न दिलेले घेणे

जैन आचारात चोरीसाठी शब्द आहे ‘अदत्तादान’, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. कुलूप फोडले का, रात्री आला का, हे या व्याख्येत विचारलेलेच नाही. धन्याने ते खरोखर दिले होते का, एवढेच पाहायचे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरी न करण्याच्या व्रताचे जे अतिचार, म्हणजे दोष, मोजले आहेत त्यांत कमी-जास्त मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणे हेही आहे. गिऱ्हाईक राजीखुशीने पैसे मोजून गेले, तरी माप खोटे असेल तर व्रत मोडलेच. अमेरिकेतल्या बड्या कंप‍न्यांचे भागधारक अधिकाऱ्यांच्या स्टॉक ऑप्शनवर आणि शेअर बायबॅकवर वर्षानुवर्षे चिडून आहेत. पैसेवाल्यांचे आपसातले भांडण म्हणून त्यांचा राग सोडून दिला जातो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि ही जुनी व्याख्या त्याला नेमकी लागू पडते.

समजा, एका कंपनीचे 100 कोटी समभाग आहेत. त्यांखेरीज 5 कोटी नवे समभाग प्रत्येकी 100 डॉलरला घेण्याचा हक्क अधिकाऱ्यांना दिलेला आहे, हेच ऑप्शन. भाव 250 वर जातो, अधिकारी हक्क बजावतात, तिजोरीत 500 कोटी डॉलर येतात आणि समभाग 105 कोटी होतात. जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला. तो भरून काढायला कंपनी बाजारातून 5 कोटी समभाग 250 ने परत घेते, हाच बायबॅक, आणि 1,250 कोटी मोजते. समभाग पुन्हा 100 कोटी. तिजोरीतून निव्वळ 750 कोटी गेले, नेमका तेवढाच अधिकाऱ्यांचा फायदा झाला, आणि टिकून राहिलेल्या भागधारकाचा वाटा होता तिथेच राहिला. अहवालात मात्र ‘भागधारकांना 1,250 कोटी परत केले’ असे छापता येते. पगाराला परतावा म्हणणे ही नक्कलच आहे.

मापाची गोष्ट याहून गंभीर आहे. 1993 मध्ये अमेरिकी करकायद्याने बड्या अधिकाऱ्यांच्या 10 लाख डॉलरवरच्या वार्षिक पगाराची वजावट बंद केली, पण कामगिरीशी जोडलेल्या मोबदल्याला सूट ठेवली. मोबदला ऑप्शनकडे वळला. त्याच सुमारास हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने ऑप्शन हा खर्च म्हणून नफ्यातून वजा करावा असे सुचवले, तेव्हा कंपन्यांनी आकांत केला आणि मे 1994 मध्ये सिनेटने 88 विरुद्ध 9 मतांनी त्या सूचनेला विरोध नोंदवला. सक्तीचा नियम यायला 2004 उजाडले. मधली दहा वर्षे तोच मोबदला करखात्याला खर्च म्हणून दाखवता येत होता आणि भागधारकाला दाखवलेल्या नफ्यातून मात्र तो वजा होत नव्हता. एकाच मालाला दोन मापे! पुढे 2006 मध्ये उघड झाले की अनेक कंपन्यांनी ऑप्शन दिल्याची तारीखच मागे, भाव पडलेल्या दिवशी, नेऊन ठेवली होती. शंभराहून अधिक कंपन्यांची चौकशी झाली. बायबॅकचे स्वतःचेही एक माप आहे. 500 कोटी नफा 100 कोटी समभागांत वाटला तर प्रति समभाग 5 येतात. 10 कोटी समभाग विकत घेऊन रद्द केले तर तोच नफा साडेपाचाच्या वर दिसतो. कारखान्यात एक खिळाही जास्त तयार झालेला नसतो. आणि अधिकाऱ्याचा बोनस याच आकड्यावर ठरत असेल, तर तराजू ज्याच्या हाती, माल त्याचाच.

पहिला आक्षेप असा की पडून असलेला पैसा अधिकाऱ्यांनी उधळण्यापेक्षा धन्याला परत गेलेला बरा. हे मला मान्य आहे. बायबॅक मुळात पाप नाही. हेन्री सिंगलटन यांनी 1972 ते 1984 या काळात टेलिडाइन कंपनीचे सुमारे 90 टक्के समभाग परत घेतले. तिथे समभाग खरोखर घटले आणि राहिलेल्यांचा वाटा खरोखर वाढला. दुसरा आक्षेप असा की भागधारक मत देतात, मग हे ‘न दिलेले’ कसे? 2010 च्या कायद्याने त्यांना अधिकाऱ्यांच्या मोबदल्यावर मत मिळाले खरे, पण ते केवळ सल्ल्यापुरते, बंधनकारक नाही. शिवाय खोट्या मापावर मिळालेला होकार हे देणे नव्हेच. तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त: ऑप्शनमुळे कारभारी आणि धनी यांचे हित एक होते. भाव चढताना होते, पडताना नाही. भाव पडला तर धन्याचे भांडवल जाते. कारभाऱ्याचा फक्त न वापरलेला हक्क वाया जातो. विमाने बनवणाऱ्या बोइंगचेच उदाहरण घ्या. तिने 2013 पासून 2019 पर्यंत बायबॅकवर 4,300 कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले. तिच्या 737 मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत 346 माणसे गेली. ती बायबॅकमुळे गेली असे मी म्हणत नाही. पण मार्च 2020 मध्ये हीच कंपनी आपल्या उद्योगासाठी सरकारकडे 6,000 कोटी डॉलरचा आधार मागत होती, आणि त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी पायउतार झालेले मुख्याधिकारी समभाग व निवृत्तिलाभ मिळून सुमारे 6 कोटी डॉलर घेऊन गेले होते.

कुंपणाने शेत खाल्ले तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? मोबदला ठरवणाऱ्या संचालकांनाही अमेरिकेत समभाग आणि ऑप्शन दिले जातात. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकांना ऑप्शन देण्यास मनाई केली आहे. ती योग्यच आहे आणि अमेरिकेने ती उचलावी. ऑप्शनचे समभाग भरून काढण्यासाठी झालेली खरेदी अहवालात पगाराच्या रकान्यात दाखवावी. ते होईपर्यंत, ज्यांच्याकडे चार शेअर आहेत त्यांनी अहवाल हाती येताच वर्षाच्या आरंभी एकूण समभाग किती होते आणि अखेरीस किती उरले हे आधी पाहावे, आणि बायबॅकवर कोट्यवधी खर्चूनही आकडा तोच असेल, तर पैसा कुणाला दिला हे सभेत उभे राहून विचारावे.