पट्टी सोडल्यानंतर

गेल्या ३ डिसेंबरला एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयातल्या दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं आणि ‘संवेदना जागृती’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दहा-बारा मुलामुलींच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि त्यांना सभागृहाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला सांगितलं. आधी हशा पिकला. मग कुणी बाकाला अडखळलं, कुणी भिंत धरून उभं राहिलं आणि एक मुलगी मध्येच थांबून रडायला लागली. पट्टी सोडल्यावर तिच्या हातात माईक दिला गेला. ती म्हणाली, “देवाने आपल्याला सगळं दिलंय, हे आज कळलं.” टाळ्या झाल्या.

व्यासपीठावर एक निवृत्त शिक्षक बसले होते, जन्मापासून अंध. तीस वर्षं त्यांनी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “बाळ, तू घाबरलीस, कारण दोन मिनिटांपूर्वी तुला दिसत होतं. मी आज सकाळी दोन एसट्या बदलून एकटा आलोय. तो प्रवास कसा करतात ते मला विचारा.” कुणी विचारलं नाही. कार्यक्रमाला उशीर झाला होता. शाल, श्रीफळ, आभार, राष्ट्रगीत.

जेवताना मी त्यांच्या शेजारी बसलो आणि तोच प्रश्न विचारला. त्यांनी पांढऱ्या काठीची रीत समजावून सांगितली. उजवं पाऊल पुढे पडत असताना काठीचं टोक डावीकडे टेकतं, डावं पडताना उजवीकडे; म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. त्या दिवशी अडचण आली ती एसटी स्टँडवर. गाडीचा फलाट बदलला होता आणि तशी घोषणा झाली नव्हती. शेवटी कुणीतरी सांगितल्यावर कंडक्टरने, अगदी मायेने, काठीचं पुढचं टोक धरून त्यांना दारापर्यंत ओढत नेलं. “काठी ओढली की मी खरा आंधळा होतो,” ते म्हणाले. “त्याने नुसतं कोपर पुढे करायचं. मी ते धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याला ते शिकवणार कोण?”

माझ्या मते या एका प्रश्नात आपल्या सगळ्या जाणीवजागृतीचा हिशेब आहे. सभागृहात कळवळा शिकवला जातो. वगळलं जाणं मात्र घडतं स्टँडवर, तपासणीच्या खोलीत, नकाशाच्या कागदावर आणि परीक्षेच्या खिडकीशी, आणि तिथल्या माणसांकडे कळवळ्याचा तुटवडा मला फारसा दिसलेला नाही. त्या कंडक्टरकडे तो भरपूर होता. आपल्या कामात नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

डोळ्यांना पट्टी बांधण्याच्या खेळाबद्दल तर आता पुरावाही हाती आहे. अरियल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी काही वेळ अंधत्वाचा प्रयोग केला, त्यांचं अंध माणसांविषयीचं मत खालावलं: अंध व्यक्ती नोकरी करू शकेल, स्वतंत्र राहू शकेल, हे त्यांना इतरांपेक्षा कमी शक्य वाटू लागलं. २०१७ च्या आणखी एका अमेरिकी अभ्यासातही तसंच दिसलं. सहानुभूती वाढली, पण सोबत असहायतेची आणि गोंधळल्याची भावनाही वाढली. अपंग माणसांशी वागण्याबोलण्याची वृत्ती काही सुधारली नाही. याचं कारण उघड आहे. पट्टी बांधलेल्याला अंधत्वाची पहिली पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यालाच तो अंध माणसाचं आयुष्य समजतो. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलावं आणि वर काढून विचारावं की पोहणाऱ्यांना कसं वाटत असेल, तसं हे आहे. आंधळी कोशिंबीर मुलांनी अंगणात जरूर खेळावी. पण ती प्रशिक्षण म्हणून शिकवली, तर उद्या नोकरीच्या मुलाखतीला अंध उमेदवार आल्यावर समोरच्या अधिकाऱ्याला तीच घाबरगुंडी आठवेल, आणि तो मोठ्या मायेने नकार देईल.

नकार मायेने किंवा काळजीपोटी दिला जातो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेलं आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून जीजा घोष यांना खाली उतरवण्यात आलं. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. तिकीट होतं, त्या जागेवर बसल्याही होत्या. कर्मचाऱ्यांना त्यांची प्रकृती प्रवासाला योग्य वाटली नाही. डॉक्टरांना मात्र कुणी विचारलं नाही. आणि त्या चालल्या होत्या कुठे? मुंबईच्या ‘अडॅप्ट’ने, म्हणजे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या पूर्वीच्या स्पॅस्टिक्स सोसायटीने, गोव्यात भरवलेल्या अपंगत्वविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेला. परिषद झाली, त्या पोहोचल्या नाहीत. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा आठवतं, कारण जाणीवजागृतीचा मंडप आणि प्रत्यक्ष दरवाजा यांच्यातलं अंतर त्यात स्वच्छ दिसतं. परिषदेत कितीही उत्तम भाषणं झाली असतील, ती विमानाच्या दारातल्या माणसापर्यंत गेलेली नव्हती.

त्याच गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पहिला ‘पर्पल फेस्ट’ हा अपंगांच्या सहभागाचा उत्सव झाला आणि तो पुढेही भरत राहिला. अशा उत्सवांना मी नावं ठेवणार नाही. व्हीलचेअरवरची मुलगी पणजीत मित्रमैत्रिणींबरोबर गाणी ऐकते, कर्णबधिर मुलं शेकड्यांनी जमून हातांनी गप्पा मारतात आणि तिथे आलेल्या इतरांना पहिल्यांदाच वाटतं की आपल्याला ही भाषा येत नाही. हे मोल मोठं आहे. तिथे कुणी कुणाची दया करत नसतं, बरोबरीने मजा चाललेली असते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की पूर्वग्रह झिजतात ते बरोबरीच्या नात्याने, एखाद्या समान कामात भेटल्यावर. उत्सव ती भेट घडवतो. मात्र उत्सवाने शिक्षणाचं काम होत नाही, आणि सरकारी यंत्रणा उत्सवावरच कर्तव्य संपवते, ही माझी तक्रार आहे.

कायदा याबाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३९ मध्ये जनजागृती मोहिमांची तरतूद आहे; तीच सगळ्यांना ठाऊक असते, कारण तिच्यातून फलक आणि फेऱ्या निघतात. कलम ४७ फारसं कुणी वाचत नाही. पंचायतराज सदस्य, आमदार-खासदार, प्रशासक, पोलीस, न्यायाधीश आणि वकील यांच्या सगळ्या प्रशिक्षणात अपंगांचे हक्क यायला हवेत, असं ते सांगते. शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या, अभियंते, वास्तुरचनाकार यांच्या अभ्यासक्रमातच हा विषय घालायला ते सांगते. म्हणजे ज्यांच्या हातून रोज दार उघडतं किंवा बंद होतं, त्यांच्यापैकी अनेकांची नावं तिथे आहेत. आणि हा मूठभरांचा प्रश्न नव्हे. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली, तीही अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य होण्याच्या आधी.

अभियंत्यांचंच घ्या. शहरांच्या पदपथांवर हल्ली पिवळ्या उठावदार फरशा बसवल्या जातात. त्यांत दोन जाती असतात. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण, पायरी किंवा रस्ता आहे. पायाला आणि काठीला कळणारी ही लिपी आहे. तुमच्या गावातल्या पदपथावर एकदा खाली बघून चाला. ठिपके मध्येच नक्षीसारखे पेरलेले दिसतील, पट्ट्यांची ओळ सरळ विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर जाऊन आदळलेली दिसेल. एका ठिकाणी काम चालू असताना मी गवंड्याला विचारलं, या फरशा कशासाठी? “पाय घसरू नये म्हणून,” तो म्हणाला. त्याचा काय दोष? मुकादमाला ठेकेदाराने सांगितलं नाही, ठेकेदाराला निविदेतल्या आकड्यापलीकडे रस नव्हता, आणि ज्या अभियंत्याने बिलावर सही केली त्यालाही बहुधा ही लिपी कधी शिकवलेली नव्हती. कोट्यवधी रुपयांचा मजकूर आपण जमिनीवर छापला आणि अक्षरं उलटसुलट लावली.

रॅम्पचंही तेच. त्याचा उतार एकास बारा असावा, हे मानक जुनं आहे. दीड फूट उंचीच्या जोत्याला त्या हिशेबाने अठरा फूट लांब रॅम्प लागतो. किती शाळांत, किती ग्रामपंचायतींत अठरा फूट दिसतात? पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या चार-सहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओतलेली असते. तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प: आहे’ अशी नोंद होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमांतला दोष दाखवला: कायद्याची भाषा बंधनकारक, नियम मात्र शिफारशींसारखे. म्हणून तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. मानकं सक्तीची झाली तरी ती वाचायला शिकलेला हात हवा.

दवाखान्यातला अनुभव प्रत्येक अपंग माणसाच्या घरात एकदा तरी सांगितला जातो. पेशंट समोर बसलेला असतो आणि डॉक्टर सोबत आलेल्याला विचारतात, “यांना काय होतंय?” २०१९ पासून एमबीबीएसच्या पायाभूत अभ्यासक्रमात अपंगत्वाचे काही तास आले, ते डॉ. सतेंद्र सिंग यांच्यासारख्या, स्वतः पोलिओ झालेल्या डॉक्टरांनी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून. ऑगस्ट २०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत ते वगळले गेले. ओरड झाली, त्या मार्गदर्शिकेवर इतरही गंभीर आक्षेप होते, आणि ती काही दिवसांत मागे घेण्यात आली. एका ओळीने आलेलं शिक्षण एका ओळीने जाऊ शकतं, हे यातून दिसलं.

आधी मनं बदलली पाहिजेत, असं अनेक सज्जन कार्यकर्ते मला सांगतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. कोपर द्यायला शिकलेला कंडक्टर दहा अंध प्रवाशांशी बोलेल, त्यांतला एक त्याचा ओळखीचा होईल. मन बदलायचं असेल तर ते तिथे बदलेल. मराठी वाचकाचं मनही भाषणांनी बदललेलं नाही. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचून ज्यांचं बदललं त्यांना हे विचारा. त्या पुस्तकातली बाई आपल्यासाठी रडायला सांगत नाही. ती संस्था उभारते, माणसांना कामाला लावते.

आणि शिकवणारा कोण, यावर तडजोड नको. काठीची रीत काठी वापरणाऱ्याने शिकवावी, खुणांची भाषा कर्णबधिर माणसाने, रॅम्पचा उतार व्हीलचेअर चालवणाऱ्याने अभियंत्यांसमोर तपासून दाखवावा. या ज्ञानासाठी माणसाने आयुष्याची वर्षं घातलेली असतात. त्याच्या बदल्यात आपण शाल देतो आणि प्रवासखर्चही देत नाही. संगणकाचा, योगाचा, व्यक्तिमत्त्व विकासाचा प्रशिक्षक मानधन घेतो. अपंग प्रशिक्षक आला की त्याचा सत्कार होतो. हा अन्याय आहे, आणि तो जाणीवजागृतीच्या व्यासपीठावरच रोज घडतो.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. येत्या ३ डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेतून पट्टीचा खेळ काढून टाका. तो तास तुमच्या गावातल्या एखाद्या अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला मानधन ठरवून द्या. समोर विद्यार्थ्यांबरोबर डेपोतले चार कंडक्टर, ग्रामीण रुग्णालयातल्या दोन परिचारिका, नगरपालिकेचा अभियंता आणि फरशी बसवणारा गवंडी यांना बसवा. आणि त्या शिक्षकांना या वेळी प्रश्न विचारायला वेळ ठेवा.