पुस्तकाचं बूड

ताईंच्या भांड्यांवरच्या पुस्तकाची डमी त्यांच्यासमोर ठेवली. मुखपृष्ठाला मातकट, खरखरीत हातकागद. त्यावर मी फार खूश होतो. ताईंनी डोळे मिटून तळवा फिरवला.

"हे काय?"

"तुमची माती. हात लावताच कळावी."

"माझी माती १२८० अंशांतून जाते, तेव्हा तिला अशी त्वचा येते. हा कागद कुठल्या आगीतून गेलाय? सोंग आहे हे."

"पुस्तकात कामाचं प्रतिबिंब हवं, हे तुमचेच शब्द."

"पाण्यात झाडाचं प्रतिबिंब पडतं. त्यासाठी पाण्याला पानं फुटावी लागत नाहीत."

(असं बोलणाऱ्या माणसाचं पुस्तक करणं सोपं नसतं.)

"मग गुळगुळीत आर्ट पेपर घेऊ? त्यावर सगळ्याच भांड्यांना चकाकी येईल, बिनझिलईच्यांनासुद्धा. ते सोंग नाही?"

ताई थांबल्या. "तेही सोंगच."

"उरला बिनचकाकीचा कागद. तो शाई पितो. सेलाडॉन झिलईची हिरवट-निळी खोली चार शायांत एरवीही सापडत नाही. यावर ती आणखी मळेल."

"मळू दे. झिलईत उजेड आत शिरून परत येतो, कागदावर नुसता आपटतो. कागदानं आपली हद्द कबूल करावी."

"वाचकाला हद्द नको असते, ताई. सेलाडॉन हवा असतो."

"त्यानं भांडं घ्यावं."

"कुठून? तुमची निम्मी भांडी विकली जाऊन कुणाकुणाच्या कपाटांत बसलीत. तुम्हाला तरी ती परत बघायला मिळतात का?"

यावर त्या काही बोलल्या नाहीत. डमी उपडी केली. भांडी करणारी माणसं हातात काहीही आलं की आधी बूड बघतात. पुस्तकाचा शिवलेला कणा मी उघडाच ठेवला होता.

"हे का झाकलं नाहीस?"

"तुम्ही बुडाला झिलई लावत नाही, तसं."

"मी ते शोभेसाठी सोडत नाही. झिलई लावली तर भांडं भट्टीतल्या फळीला चिकटतं. तुझं काय चिकटतं?"

"असा कणा असला की पुस्तक सपाट उघडतं. नाहीतर जोडपानावरच्या रांजणाचं पोट घडीत गडप होतं."

"मग राहू दे. हे कारण कागदाचं आहे."

धीर आला. म्हटलं, "वाट्या मूळ आकारात छापू. फोटोत वाटी आणि रांजण एकाच मापाचे दिसतात."

"मूळ कुठला? ही वाटी चाकावरून उतरली तेव्हा साडेतेरा सेंटिमीटर होती. भट्टीतून बारा होऊन आली. माझ्या हातात अजून साडेतेराच आहे."

"लोक बाराच्या वाटीतून चहा पितात."

"हं. बारा छाप."

मग त्यांनी फळीवरून बर्नार्ड लीचचं 'अ पॉटर्स बुक' काढलं. पुस्तक १९४० सालचं, त्यांची प्रत बरीच नंतरची. पानापानावर वाळलेल्या मातीचे अंगठे.

"प्रतिबिंब म्हणशील तर हे. रचनाकारानं यातलं काहीच केलेलं नाही."

"ते शिकायचं पुस्तक आहे, म्हणून मातीचे हात लागले. आपलं पुस्तक लोक हात धुऊन उघडतील."

बराच वेळ त्या लीचची पानं उलटत राहिल्या. मी मुखपृष्ठाचं विचारलं.

"बघू. आधी ती चीर गेलेली सुरई का वगळलीस, ते सांग."