खात्री नव्हे, श्रद्धा

सांता क्लारातल्या आमच्या स्वयंपाकघरात दर रविवारी दोन मित्र वाद घालतात, एक इंटेलचा, दुसरा एएमडीचा. दोन्ही चिप कंपन्यांची मुख्यालयं याच गावात. एक 1968 ची, दुसरी 1969 ची, आणि संस्थापक फेअरचाइल्ड या आधीच्या चिप कंपनीमधूनच बाहेर पडलेले. सख्खी भावंडंच म्हणा. 2015 मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला, तेव्हा एएमडीवाल्या मित्राने तो घेतला. परवा चहावर साय धरली तरी तो सांगतच होता, “मला खात्री होती.” मला हे मनापासून खटकतं. 2017 साली एएमडीचा रायझन प्रोसेसर बाजारात येईपर्यंत खात्री कुणाला असणार? श्रद्धा फळली की आपण तिला ज्ञान म्हणतो, बुडाली की जुगार. त्या दिवशी शेअर घेण्याचं बटण दाबताना त्याचं बोट थरथरत होतं. मी शेजारीच बसलो होतो.