पक्षी धरावा की न धरावा?

माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नाला गेला की पंगती मोजील, मयताला गेला की माणसे मोजील आणि एस.टी.त बसला की किलोमीटरचे दगड मोजील. देवाचे नाव तरी त्याने मोकळेपणाने घ्यावे की नाही? तेही त्याने एकशे आठ मण्यांत बसवून टाकले. अशा प्राण्याच्या नजरेस पक्षी पडल्यावर तो 'वा! काय गोड गातोय' म्हणून गप्प बसेल ही आशाच नको. तो खिशातून वही काढतो आणि लिहितो : 'एक.'

आमच्याकडे 'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी म्हण आहे. तिचा अर्थ विचारायचा नसतो. ती छाती दोन बोटे पुढे काढून म्हणायची असते. आता जर्मनीतल्या बर्लिनला १८४४ सालापासून प्राणिसंग्रहालय आहे. परभणीकराला मात्र वाघ बघायचा तर रेल्वेत बसून मानवत रोड, सेलू, परतूर, जालना करीत छत्रपती संभाजीनगर गाठावे लागे. तरीही प्राणिसंग्रहालयात जाऊन गाणारे पक्षी मोजण्याची स्पर्धा निघाली ती परभणीतच. म्हण उगीच पडत नाही!

स्पर्धक तिघे. एक विज्ञानाचे निवृत्त मास्तर, दुसरे गुडघ्यांनी निवृत्त केलेले वकीलसाहेब आणि तिसरा मी. मी बँकेत जन्म काढला, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याचे मोजले. सकाळी कृषी विद्यापीठाच्या आवारात आमची फेरी असते. हे विद्यापीठ १९७२ सालचे. त्याच साली दुष्काळ पडला आणि त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदाही आला. म्हणजे मराठवाड्याला विद्यापीठ, पाखरांना कायदा आणि माणसांना सुकडी, असे त्या साली सगळ्यांनाच काही ना काही मिळाले.

राज्य सरकारने २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या जन्माची. अशाच एका सप्ताहात मास्तर म्हणाले, "आपणही स्पर्धा लावू. वर्षभरात सर्वांत जास्त जातींचे गाणारे पक्षी कोण बघतो ते पाहू."

वकीलसाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवून हरकत घेतली. "रानोमाळ हिंडणं आता आमच्याच्यानं होणार नाही. प्राणिसंग्रहालयात असेल तर बोला. तिथं बाक असतो, सावली असते आणि पक्ष्याच्या दारावर डॉक्टरसारखी नावाची पाटी असते."

झाले. 'फक्त प्राणिसंग्रहालयात' हे कलम पहिले. एरवीही आम्ही मुलाकडे पुण्याला, मुलीकडे मुंबईला जातोच. तेव्हा आत शिरून वही भरायची. पुढच्या सप्ताहाला हिशेब करायचा आणि हरलेल्या दोघांनी जिंकणाऱ्याला हुरडा खाऊ घालायचा.

दुसरे कलम 'गाणारा पक्षी कोणता?' हे. यात मास्तरांनी आमचे पार शास्त्रीय हाल केले. जगात पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास जाती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गाणाऱ्यांच्या कुळातल्या. आणि या कुळात कावळा बसतो, कोकिळा बसत नाही.

"म्हणजे?" वकीलसाहेब ओरडले.

"म्हणजे असं, की गळ्यातल्या ध्वनियंत्राच्या स्नायूंवरून हे कूळ ठरतं. ते यंत्र कावळ्याकडं पक्कं आहे. कोकिळाचं खानदानच वेगळं. शिवाय 'कुहू' करतो तो नर. मादी नुसती किक्-किक् करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते."

'गानकोकिळा' ही पदवी देऊन आपण इतकी वर्षे कोणाचा गौरव केला, या विचाराने मी सुन्न झालो. पण घराणे उत्तम असूनही गळा कावळ्याचा, आणि घराण्याचा पत्ता नसून गळा कोकिळाचा, हे माणसांच्या मैफलीतही आपण ऐकत आलो आहोतच. कावळा तिघांच्याही वहीत पहिल्या दिवशीच लागला. पोपट, मोर आणि राणीच्या बागेतले पेंग्विन नापास झाले.

तिसऱ्या कलमावर मात्र वर्षभर भांडण चालले. पिंजऱ्यातला पक्षी धरायचा का?

मास्तरांचे म्हणणे, पक्षी तो पक्षी. त्यांनी कुठल्याशा शहरात पिंजऱ्यावरची 'झेब्रा फिंच, ऑस्ट्रेलिया' ही पाटी पाहून ती नक्कल वहीत उतरवून आणली. मी विचारले, "मास्तर, पक्षी बघितला की पाटी वाचली?" ते म्हणाले, "दोन्ही." मी म्हणालो, "मग तुरुंगात रोज कैदी मोजणाऱ्या जेलरनं 'माझ्या ओळखी फार' म्हणायला हरकत नाही."

ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मात्र तयारी करून आले. "सालिम अलींनी लहानपणी पिवळ्या कंठाची चिमणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडली. ती कोणती, हे विचारायला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले, तिथं मिलार्ड साहेब भेटले, म्हणून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. अमेरिकेत ऑड्युबननं पक्ष्यांची ती जगप्रसिद्ध चित्रं काढली, तीही पक्षी मारून, तारांनी हवे तसे उभे करून. त्या काळी पक्षी 'धरला' म्हणजे मेलेलाच. त्या मानानं माझा फिंच जिवंत आहे, दाणे टिपतोय. पिंजरा म्हणजे बंदुकीहून सुधारणाच की!"

मुद्दा बिनतोड होता. मराठीचाच घोटाळा बघा. हिशेबात घेणे म्हणजेही 'धरणे' आणि पकडणे म्हणजेही 'धरणे'. आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टींत फारसा फरक वाटत नसावा. जगातल्या पक्षीनिरीक्षकांनी मात्र आपल्या याद्यांसाठी नियम करून टाकला आहे, की पक्षी जिवंत हवा, रानटी हवा आणि मोकळा हवा. पण आमची स्पर्धाच प्राणिसंग्रहालयातली. तिथे हा नियम लावायचा म्हणजे हॉटेलात जाऊन घरचा डबा खाण्यासारखे!

हा पेच थोडा सोडवला तो एका राखणदाराने. आम्ही तिघे मिळून संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात गेलो होतो. पोरेबाळे वाघापुढे, आणि आम्ही तिघे म्हातारे वाघाकडे पाठ करून झाडाकडे टक लावून. लोक आधी झाडाकडे बघत आणि मग आमच्याकडे. इतक्यात एका पिंजऱ्याच्या जाळीतून चार-पाच चिमण्या आत शिरल्या, आतल्या थोरल्या पक्ष्याच्या ताटलीतले दाणे टिपू लागल्या. मास्तरांनी वही काढली. राखणदार म्हणाला, "त्या कामून लिहायलात साहेब? त्या आमच्या न्हाईत. त्या येऊन-जाऊन असत्यात."

येऊन-जाऊन! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोच पिंजरा, तेच दाणे, तीच ताटली. एक पक्षी कैदी आणि दुसरा पाहुणा. फरक जाळीचा नव्हताच. जाता येते की नाही, एवढाच होता. मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे १८६२ साली सुरू झालेल्या जिजामाता उद्यानात, २०२० सालापासून एक प्रचंड मोठी जाळी आहे. तिच्यात माणसांनी चालत जायचे आणि पक्ष्यांनी डोक्यावरून उडायचे. वकीलसाहेब तिथून आले ते खुशीत. "पिंजऱ्यात मीच होतो हो! आता मला धरा." मी म्हणालो, "तुम्ही येऊन-जाऊन. पक्षी तसे नाहीत. पिंजरा कितीही थोर असला तरी दाराची कडी कोणाकडे, हे विचारायचंच."

हे भांडण इथवर गमतीचे होते. ते गमतीचे राहिले नाही याला कारण एक मैना.

कुठल्या शहरात ते महत्त्वाचे नाही. पिंजऱ्यात एक पहाडी मैना होती. काळी कुळकुळीत, कानामागे पिवळे कातडे. कोणाच्या तरी घरातून सोडवून आणलेली असावी. कारण आम्ही समोर गेलो तशी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "जेवलास का?"

मास्तर हसले. मीही हसलो. वकीलसाहेब मात्र बाकावर जाऊन बसले ते बोलेचनात.

परतीच्या गाडीत परतूर गेल्यावर त्यांनी तोंड उघडले. त्यांच्या जुन्या वाड्यात ओसरीला अशीच मैना होती. त्या काळी कोणी गैर मानत नसे. आजी तिला रोज डाळ घालायची. एका पावसाळ्यात आजी गेली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवरून आजीच्याच आवाजात, आजीच्याच खोकल्यासकट, हाक आली, "दार लाव रे बाळा." घरातल्या बायका रडायच्या थांबल्या होत्या, त्या पुन्हा रडू लागल्या. पुढची दोन वर्षे आजी रोज संध्याकाळी दार लावायला सांगत होती. "आता तुम्ही सांगा," वकीलसाहेब म्हणाले, "ती मैना पिंजऱ्यात नसती तर तो आवाज मला कुठून मिळाला असता?"

डब्यात फक्त रुळांचा आवाज. याला काय उत्तर देणार? पिंजरा वाईट, हे म्हणणे सोपे आहे. पण बहुतेक पिंजऱ्यांत डाळ घालणारे हात प्रेमाचेच असतात, ही अडचण आहे. दुष्टपणाशी भांडता येते. प्रेमाशी कसे भांडावे?

शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, गाणारा पक्षी गाणं घेऊन जन्माला येत नाही. पिल्लू असताना मोठ्यांचं ऐकून शिकतो. तुमच्या आजीचा आवाज तुम्हाला मिळाला. त्या मैनेच्या आईबापांचा आवाज तिला मिळाला असेल का?"

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा एक गाणारा पक्षी आहे. रानात आता तो जेमतेम काहीशे उरलाय. २०२१ साली तिथल्या संशोधकांनी लिहिले, की गाणे शिकवायला वडीलधारे नरच भेटत नसल्यामुळे साधारण आठांतला एक नर भलत्याच जातीच्या पक्ष्याचे गाणे म्हणतो. घराण्याची चीज विसरलेल्या गवयाला तिथेही मान नाही आणि बायकोही मिळत नाही. मग सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांना आधी ध्वनिमुद्रिका ऐकवल्या, पुढे रानातले जाणते नर गुरुजी म्हणून शेजारी ठेवले आणि त्यांचे स्वतःचे गाणे त्यांना परत शिकवायला घेतले. शिकून झाले की दार उघडायचे.

म्हणजे पिंजरे दोन जातींचे झाले. एक पक्ष्याला आपले वाक्य शिकवतो, दुसरा त्याचे त्याला परत देतो. दिसायला जाळी सारखीच. मला तर पेन्शनच्या वयात एकदम मुलांची आठवण आली. त्यांना आपण जे शिकवले ते 'जेवलास का' होते, की त्यांचे गाणे? परभणी सोडून गेली ती उडाली म्हणून रडायचे, की उडता येते म्हणून पाठ थोपटून घ्यायची? त्या रात्री स्टेशनवर उतरलो तेव्हा कोणी पक्ष्यांविषयी बोलले नाही.

नोव्हेंबरात हिशेबाला बसलो. मी हिशेबनीस. कलम तिसरे एकमताने असे ठरले : ज्याला उडून जाता येत होते आणि तरीही जो घटकाभर आपल्यासमोर थांबला, तोच धरायचा. बघितला म्हणजे काय, तर त्याने बघू दिला. मास्तरांनी स्वतःच्या हाताने फिंचवर काट मारली. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडीत दिसलेला दयाळ राहिला, बुलबुल, शिंजीर, शिंपी, साळुंकी राहिल्या, आणि त्या येऊन-जाऊन चिमण्याही राहिल्या. बेरीज केली. मास्तर एकोणीस, मी सतरा आणि वकीलसाहेब तेवीस!

आम्ही वर्षभर या झाडाखालून त्या झाडाखाली पळत होतो. वकीलसाहेब गुडघ्यांमुळे एका बाकावर बसून होते. जो हलत नाही त्याच्याजवळ पाखरे आपणहून येतात, हे आम्हाला कळेपर्यंत हुरडा हरून झाला होता. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद वेगळी होती. 'पहाडी मैना.' पुढे आकडा नव्हता. हिशेबनीस म्हणून मी विचारायला हवे होते. मी पान उलटले.

थंडीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात हुरडा झाला. ज्वारी 'परभणी मोती', आमच्याच विद्यापीठाची. आगटी पेटली, कणसे भाजली जात होती, आणि चिमण्या, साळुंक्या, सुगरणींचे थवेच्या थवे उभ्या पिकावर उतरले. सगळे जिवंत, रानटी आणि मोकळे. एकही नियम मोडत नव्हते. मास्तरांनी अत्यानंदाने वही काढली.

माळ्यावरून शेतकऱ्याची बायको ओरडली, "मोजायलात काय गुरुजी? हाकला की!"