कुठं माशी शिंकली?

बोला. या रविवारी कुठं माशी शिंकली?

तुमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर मी बोलत नाही, पण वाचतो सगळं. बुधवारी कोणीतरी टाकतो, 'चला, रविवारी कुठंतरी जाऊ.' लगेच अंगठ्यांची रांग. गुरुवारी ठिकाणांची यादी. शुक्रवारी गाड्या किती, माणसं किती, डबे कुणाचे. शनिवारी संध्याकाळी एकाच्या साडूकडं वास्तुशांती निघते, दुसऱ्याचा ट्रक अडकतो, तिसऱ्याच्या पोराची शिकवणी आडवी येते. रविवारी दहा वाजता एक जण गुलाबाचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हणतो की संपला विषय. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ढेकर मात्र खरा.

तुम्ही कामाला कच्चे असता तर मी गप्प बसलो असतो. पण तुमच्यातला एक सळईच्या कारखान्यात तीन पाळ्या सांभाळतो. एक जण बियाण्याचे ट्रक पेरणीच्या आधी परराज्यात पोचवतो. कोणी मोंढ्यातला भाव फिरायच्या आत माल फिरवतो. घरच्या लग्नात हजार पानं उठवता, एक माणूस उपाशी जात नाही. आणि आठ माणसं दोन गाड्यांत बसवून राजूरच्या गणपतीला न्यायची, तर जमत नाही? अंतर किती? जेमतेम २५ किलोमीटर. जमत नाही की न्यायचंच नाही? मला सांगू नका, घरी सांगा. पोरगं दर रविवारी बूट घालून ओट्यावर बसतंय तुमचं.

आणि ती तुमची लाडकी सबब. 'सर, आपल्या जालन्यात बघायला हायच काय? डोंगर न्हाई, समुद्र न्हाई. कामून जायचं?' इतक्या गरीब चेहऱ्यानं म्हणता की परक्या माणसाला वाटावं, केवढी ही विनम्रता! विनम्रता कसली? शुद्ध आळस आहे. न बघताच 'बघायला काही नाही' म्हणायचं, म्हणजे उठायला नको.

भोकरदनला कितीदा गेलात? बाजाराला गेलात, कोर्टाच्या तारखेला गेलात, सोयरीक जुळवायला गेलात. तिथल्या मातीखालून काय निघालं, हे कुणाला विचारलंत? १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन, म्हणजे जुनं भोकरदन, हाती लागलं. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती निघाली, तुटलेली. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलेलं शहर ते. दोन्हींत साम्य इतकं की पाँपेईची ती बाई भोकरदनच्याच कारागिराच्या हातची असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. नेपल्सच्या संग्रहालयात जगभरची माणसं तिकीट काढून तिला बघतात. आणि तिचं माहेर जिथं असावं, तिथून तुम्ही हॉर्न वाजवत जाता.

सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. तेव्हा ना डांबरी रस्ता, ना गाडी. तरी इथल्या माणसांचं दान नर्मदेपलीकडं पोचलं. तुमचं नाव कुठं कोरलेलं सापडतं? देवळाच्या खांबावर, बदामात बाण मारून.

त्याच तालुक्यात अन्वा. यादवकाळातलं शिवमंदिर आहे तिथं. आत पिंड आहे आणि बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती कोरल्यात, म्हणजे विष्णूची आयुधं हातात घेतलेल्या स्त्रिया. असं शिल्प बघायला अभ्यासक लांबून येतात. तुम्ही अजिंठ्याला जाऊन आलात, तेही पाहुणे आले म्हणून. अन्वा जवळच होतं. गाडी वळवली असती तर पेट्रोल किती जाळलं असतं? चहाच्या टपरीवर जितका वेळ घालवता, त्याहून कमी वेळ लागला असता.

आणि असई? नाव ऐकलंय. ऐकलंय, कारण मी शिकवलंय. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी. समोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, वय ३४, फौज कितीतरी थोडी. वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदीला उतार नाही. त्यानं वाटाड्यांवर विसंबून माघार घेतली का? नीट बघितलं. नदीच्या दोन्ही काठांना दोन गावं समोरासमोर दिसली. त्यानं ताडलं, गावं अशी समोरासमोर आहेत तर माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे तर उतार असणारच. उतार निघाला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जायबंदी झाली, पण लढाई त्यानं मारली. पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. उतारवयात त्याला विचारलं, तुझी सगळ्यांत सरस लढाई कोणती? वॉटर्लू नाही म्हणाला. असई म्हणाला.

शत्रू होता तो आपला. मी त्याचे गोडवे गात नाही. पण परमुलखातून आलेल्या माणसाला आपली नदी वाचता आली. तुमच्या खिशात उपग्रहाचा नकाशा आहे, डावीकडं वळा-उजवीकडं वळा सांगणारी बाई आहे, आणि तुम्ही मला सांगता, 'सर, तिकडचा रस्ता माहीत न्हाई.' लाज वाटत नाही? पोराला एकदा त्या काठावर उभं करा आणि विचारा, एवढी मोठी फौज असून आपण कामून हरलो? उत्तर तुम्हालाही येणार नाही. मग घरी येऊन दोघं मिळून शोधा. याला म्हणतात सहल. हॉटेलच्या जलतरण तलावात कमरेपर्यंत उभं राहून फोटो काढणं म्हणजे सहल नव्हे.

घनसावंगीच्या पोरांनो, तुम्ही मागच्या बाकावर लपू नका. जांब तुमच्याच तालुक्यातलं. १६०८ साली समर्थांचा जन्म तिथला. सांगतात की बारा वर्षांचं पोर बोहल्यावर 'सावधान' ऐकून निघालं, आणि पुढं सगळा देश पायी फिरलं. तुम्हाला रविवारी अंथरूण सुटत नाही. दासबोधात त्यांनी मूर्खांच्या लक्षणांचा एक अख्खा समास लिहिलाय. वाचून बघा एकदा, आणि बसल्या जागी स्वतःवर खुणा करा. मी तपासणार नाही. माझा लाल पेन पुरायचा नाही.

आता जे निघतात, त्यांनी गालात हसू नये. तुमच्याकडंच येतोय.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि तुमच्या अंगात वारं शिरलं. सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मगाव, जालन्याहून तासाभराच्या आत. तुम्ही त्याच्या शेजारून सुसाट जाता. कुठं जाता? 'ड्राइव्हला.' म्हणजे जायचं, वळायचं, यायचं. वर रात्रभर जागून पहाटे चाकावर बसायचं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली. २५ माणसं गेली. तुम्ही सगळ्यांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकलीत. आठवडा झाला नाही तोच एकानं गाडीच्या काट्याचा व्हिडिओ टाकला. रस्त्याची मर्यादा १२० ची, काटा त्याच्या पुढं. मागच्या सीटवर पोरं झोपलेली दिसत होती. नाव लिहीत नाही. ज्याचं त्याला कळलंय.

घाणेवाडीच्या तलावावर जाणारे वेगळेच. निजामाच्या काळातला तलाव. त्यातलं पाणी जालन्याच्या नळाला येतं. दुष्काळात याच गावच्या लोकांनी पदरचे पैसे घालून त्याचा गाळ उपसला. हिवाळ्यात पाखरं येतात, ती बघायला शहाणी माणसं दुर्बीण घेऊन जातात. तुम्ही काय घेऊन जाता ते सांगू? बाटल्या. आणि येताना काय आणता? काहीच नाही, सगळं तिथंच. काचा, द्रोण, प्लास्टिकचे पेले. स्वतःच्या घरच्या रांजणात कुणी असं करतं का? मग तो तलाव कुणाचा आहे?

आता हुरड्याचं. इथं मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथं तुम्ही सगळेच सापडता.

जालन्याच्या माणसाला सहल शिकवावी लागते, हेच मुळात नवल. पौषातली थंडी, काकाचं शेत, ज्वारी दाण्यात आलेली. जमिनीत आगटी खणायची, गोवऱ्यांचा आहार करायचा, त्यात कणसं खुपसायची. कणीस हाताला चटके देत असतानाच चोळायचं, फुंकर मारायची, आणि गरम गरम दाणे पोराच्या ओंजळीत टाकायचे. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, वर हरभऱ्याचे ढाळे आणि बोरं. यासाठी पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून येतात. आणि तुम्ही? तुम्हीही पैसेच मोजता! काका दर वर्षी निरोप धाडतो, 'या रे, गुळभेंडी ज्वारी लावलीय दोन ओळी तुमच्यासाठी.' तुम्ही काकाला म्हणता, 'बघतो.' आणि त्याच रविवारी माणशी अमुक रुपये भरून कुठल्याशा फार्मवर जाता, जिथं हुरडा ताटलीत वाढून येतो, शेजारी डीजे वाजतो आणि उंटावर बसवून पोरांचे फोटो काढतात. जालन्याच्या शेतात उंट! तुमच्या पोराला विचारा, हुरडा कशाचा असतो. 'पार्टीचा' म्हणेल.

काकाकडं का जात नाही, हेही मला माहीत आहे. काका विचारेल, बांध कधी बघायला येतोस? शेताचं काय करायचं ठरवलंस? बापाच्या आजारपणात कुठं होतास? फार्मवाला असलं काही विचारत नाही. तो पैसे घेतो आणि वाढतो. हे बरं पडतं तुम्हाला.

आणि कधीमधी गेलातच शेतात, तर ती सुट्टी कुणाची असते? उत्तर द्या. बायको पहाटे चारला उठते. धपाटे, दशम्या, चटण्या, पोरांचे कपडे, औषधं, सतरंज्या, सगळं तिचं. शेतात पोचलं की तुम्ही बाभळीखाली पत्ते पिसता आणि ती वाढप करते. संध्याकाळी तुम्ही 'काय मजा आली राव' म्हणत गाडीत बसता आणि ती दोन दिवस भांडी घासते. मग पुढच्या वेळी ती 'तुम्हीच जा' म्हणाली की ग्रुपवर लिहिता, 'आमच्या घरच्यांना फिरायची आवडच न्हाई.' आवड नाही तिला? राबायची आवड नाही तिला.

आईचं तर विचारूच नका. 'तिला पायऱ्या झेपत न्हाईत.' हो, अंबडच्या मत्स्योदरीच्या पायऱ्या नसतील झेपत. पण टेकडी खालूनही दिसते. पायथ्याशी खुर्ची टाकून बसेल ती, हात जोडेल, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांशी बोलेल, कोणाची लेक कुठं दिली ते काढून घेईल. तिचा दिवस सोन्याचा होईल. तिला पायऱ्या चढायच्याच नाहीत, तिला घराबाहेर पडायचंय. गाडीत जागा नाही म्हणता? मागं दोन शीतपेट्या बसतात, आई बसत नाही?

गोव्याला जाऊ नका, महाबळेश्वरला जाऊ नका, असं मी म्हटलेलं नाही. जा, खुशाल जा, चार पैसे कमावलेत. पण तिकडची तिकिटं चार महिने आधी काढता, रजा टाकता, हॉटेलवाल्याशी घासाघीस करता. तिथं एकाच्याही साडूची वास्तुशांती निघत नाही. म्हणजे बेत तडीस नेता येतो तुम्हाला. ठरवता येतं, निघता येतं, वेळेवर पोचताही येतं. फक्त जिथं आई येऊ शकते, काका भेटू शकतो, पोराला काही सांगावं लागतं, तिथं तुमच्या पायात गोळे येतात.

म्हणून आता ऐका. हा रविवार असईचा. श्रावण सरलाय, शिवार हिरवं आहे, दिवस चांगले आहेत. सकाळी सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा. बदनापूर-मंठ्याची मंडळी शनिवारी रात्रीच जालन्यात मुक्कामाला येतील. भोकरदनला पोहे खाऊन पुढं. आई पुढच्या सीटवर बसेल. डबे गडी माणसांनी करायचे. भाजी जळाली तर जळालेली खायची. कचऱ्याची गोणी ट्रकवाल्यानं आणायची, त्याच्याकडं गोण्यांना तोटा नाही. बाटली ज्याच्या पिशवीत दिसेल, तो भोकरदनहून एसटीनं परत. पोरांना नकाशा द्या, मोबाईल नाही, कागदाचा. नद्या त्यांनी शोधायच्या. उताराची गोष्ट तुम्ही सांगायची, मी नाही. तेव्हा शनिवारी रात्री वाचून या. विचारणार आहे.

ग्रुपवर अंगठा टाकू नका. येणार असाल तर फोन करून नाव सांगा. येणार नसाल तर सबब सांगायलाही फोन करा. ती मला तुमच्या तोंडून ऐकायचीय.

आणि 'सर, पाऊस आला तर?' असं मला कुणी विचारू नका. जालन्यात राहता. आला तर भिजा.