उदयनगरच्या वाटेवरील शेजारीण

शास्त्रपाठ : नहेम्या ५:१-१३, लूक १०:२५-३७



मंडळ्यांच्या भेटीस गेलो असता उपदेशकांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. कॅथोलिक भगिनींनी गोरगरिबांसाठी केलेल्या कामाची वार्ता कानी येते. ती आपल्या व्यासपीठावरून सांगावी काय? ऐकणारे लोक विश्वासात नवखे. त्यांच्या मनाचा गोंधळ होणार नाही काय?

प्रश्न भाबडा नाही. संतांची विनवणी करणे, मरियेच्या मध्यस्थीवर भिस्त ठेवणे, ह्या गोष्टी आम्हांस पवित्र शास्त्रात सापडत नाहीत, आणि त्या सापडत नाहीत असे म्हणावयास आम्ही कचरत नाही. परंतु प्रभूने काय केले ते पाहावे. शोमरोनी लोकांची उपासना चुकीची आहे हे त्याने विहिरीजवळ त्या स्त्रीस स्पष्ट सांगितले. तरी शेजारी कोणास म्हणावे असे शास्त्र्याने विचारले तेव्हा त्याच प्रभूने याजक व लेवी यांस बाजूस सारून शोमरोन्यालाच पुढे उभे केले. मतातील चूक त्याने झाकली नाही, आणि प्रीतीची कृतीही झाकली नाही. आपल्या पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेस गेल्या, तेव्हा पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले, व त्यांतील एकीने त्या विहिरीजवळचाच अध्याय त्यांस उलगडून दाखविला. त्या भगिनी इंग्लंडच्या मंडळीच्या होत्या, रोमच्या नव्हेत, हे खरे. तरी मठवासिनीच होत्या. असो.

आज ज्या भगिनीविषयी सांगावयाचे आहे ती राणी मारिया. तिचा जन्म १९५४ साली केरळातील पुल्लुवळी गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट नावाच्या भगिनीसंघात ती दाखल झाली. १९७५ साली ती उत्तरेस बिजनोरला गेली, पुढे सतना भागात राहिली, आणि १९९२ साली देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आली. देवास आणि इंदूर ही नावे मराठी माणसास परकी नाहीत. पवार व होळकर यांची ती संस्थाने होती. पण राज्य कोणाचे ह्याने डोंगरातील आदिवासींच्या पाठीवरचे ओझे फारसे हलके झाले नव्हते. त्यांचा रोजचा राजा सावकार होता.

सावकारीची रीत तुम्हांस आम्ही काय सांगावी! पावसाळ्याच्या तोंडी घरात दाणा उरत नाही. तेव्हा मणभर धान्य उचलावे आणि सुगीला दीड मण मोजून द्यावे. त्यासच आपल्याकडे दिडी म्हणतात. पीक बुडाले की दिडीवर दिडी चढते. मग कागदावर अंगठा, मग शेत गहाण, मग आपल्याच शेतात मजुरी. नहेम्याच्या काळी यरुशलेमातील गरिबांनी हाच आक्रोश केला. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली, मुलेमुली दास्यात गेली. आणि घेणेकरी कोणी परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने त्या वेळी गरिबांपुढे धीराचे प्रवचन केले नाही. त्याने सरदारांची सभा भरविली आणि घेतलेले परत करा असे त्यांस तोंडावर सांगितले.

राणी मारियाने नुसते कपडे व धान्य वाटले असते तर तिच्या केसासही धक्का लागला नसता असे आम्हांस वाटते. दान करणाऱ्यास सावकार नमस्कारच करतो, कारण दानाने त्याच्या वहीतील एक ओळही पुसली जात नाही. पण ह्या बाईने लोकांस एकत्र बसवून थोडेथोडे शिल्लक टाकावयास शिकविले. सरकारी योजना काय आहेत, बँकेतून रास्त व्याजाने कर्ज कसे मिळते, हे समजावून दिले. ओट्यावरची गर्दी ओसरू लागली, तेव्हा ज्यांचा धंदा बसत होता त्यांच्या डोळ्यांत ती खुपू लागली.

१९९५ सालच्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस सकाळी ती इंदूरला जाण्यासाठी बसमध्ये बसली. वाटेत, डोंगराच्या चढणीवर, समंदर सिंह नावाच्या तरुणाने तिजवर सुरीचे वार केले व तिला खाली ओढून नेले. तिच्या देहावर ५४ जखमा होत्या. वय ४१. मरतेवेळी तिच्या मुखी येशूचे नाव होते असे सांगतात. बस उतारूंनी भरलेली होती. कोणी पुढे झाले नाही. त्या उतारूंस दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. आम्ही त्या बाकावर असतो तर काय केले असते, ह्याचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि ते उत्तर याजक व लेवी यांच्या उत्तराहून वेगळे नाही.

न्यायालयाने मारेकऱ्यास जन्मठेप दिली. राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघातील भगिनी. ऑगस्ट २००२ मध्ये तिने तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली आणि त्यास भाऊ म्हटले. पुढे त्याच्या सुटकेसाठी तिने व तिच्या मंडळीने अर्ज केला, आणि २००६ साली तो सुटला. मग तो केरळात गेला व तिच्या म्हाताऱ्या आईबापांसमोर उभा राहून त्याने क्षमा मागितली. ती त्यास मिळाली. २०१७ साली इंदूर येथे रोमच्या मंडळीने राणी मारियाला धन्य म्हणून जाहीर केले. त्या विधीचा अर्थ आम्ही मानीत नाही. परंतु त्या समुदायात मारेकरीही बसला होता, हे आम्ही विसरू शकत नाही.

कोणी म्हणेल, क्षमाच करावयाची तर सावकाराविरुद्ध बोलणे कशाला? हा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि बहुधा घेणेकऱ्याच्याच तोंडून ऐकला आहे. त्या कुटुंबाने आपल्या अंगावरचा घाव माफ केला. आदिवासींच्या अंगावरची दिडी माफ करण्याचा अधिकार त्यांस नव्हता, आणि तो त्यांनी घेतलाही नाही. राणी मारियाच्या सोबतिणींनी उदयनगर सोडले नाही.

आता आपल्या घराकडे वळतो. हे लिहिताना हात जड होतो. आमच्या पाहण्यात अशी मंडळी आहे की, जिच्यात प्रभुभोजनाचा प्याला फिरविणारा वडीलच आठवड्याच्या दिवशी भावास दिडीने दाणे देतो. घेणाराही निर्दोष नाही. लग्नात वाजंत्री हवी, नाताळला घरभर नवी लुगडी हवीत, म्हणून तो त्याच्या दारी जातो. पण लग्नाचे कर्ज आणि भुकेचे कर्ज एका तराजूत घालू नये.

उपदेशकांस आमची विनंती अशी की, सुगीपूर्वीच्या पंचांच्या सभेत नहेम्याचा पाचवा अध्याय सावकाश वाचावा, व त्यानंतर राणी मारियाची हकीकत सांगावी. बचत गट काढता येईल काय ह्याचा विचार तेथेच व्हावा. आणि ज्याच्या पेटीत एखाद्या भावाच्या अंगठ्याचा कागद असेल त्याने त्या सभेस येताना तो बरोबर आणावा.