दान, वेतन आणि ऋण : सीमासेवकाच्या निवृत्तिवेतनाचा धर्मविचार

राज्याच्या सीमेवर परक्या मालाचे शुल्क घेणारा किंवा त्या सीमेचे शस्त्राने रक्षण करणारा सेवक वयपरत्वे कामातून बाहेर पडला की त्याला हयात असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला दरमहा ठरावीक रक्कम मिळावी, ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. केलेल्या कामाचे वेतन त्या त्या महिन्यात चुकते झालेले असते. मग काम थांबल्यानंतरही राज्याने पैसे का द्यावेत? या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. ते राज्याने कृपेने दिलेले दान आहे, असे एक उत्तर. ते मागे ठेवून नंतर चुकते केलेले वेतन आहे, असे दुसरे. आणि ते समाजाने फेडावयाचे ऋण आहे, असे तिसरे. यांपैकी कोणते उत्तर स्वीकारावे, यावर सेवकाचा मान, राज्याचे कर्तव्य आणि त्या पैशाचा भार वाहणाऱ्या कष्टकऱ्याचा हक्क या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

वाशिम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही की परराष्ट्राची सीमा नाही. तरीही या प्रश्नाचा विचार वाशिमच्या भूमीवरून करण्यास सबळ कारण आहे. प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जाणारे हे नगर वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होते, आणि 1939 साली येथे सापडलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट राज्य एखाद्याच्या उपजीविकेची कायमची तजवीज कोणत्या भावनेने करते, याचा विदर्भातील जुन्यात जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक आहे. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेल्या या शासनाने, म्हणजे राजाज्ञापत्राने, अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दिले आणि त्या गावाला अनेक परिहार, म्हणजे करांतून व सक्तीच्या देण्यांतून सूट, बहाल केली. सैनिकांनी त्या गावात शिरू नये, मिठासाठी तेथील जमीन खणली जाऊ नये, सोने वा धान्य मागितले जाऊ नये, फुले व दूध घेतले जाऊ नये, अशी ती यादी आहे. ज्या वस्तू राजपुरुष एरवी गावोगावी हक्काने उचलत, त्याच वस्तू येथे नाव घेऊन वगळल्या आहेत. म्हणजे हे दान केवळ जमिनीचे नव्हते, राज्याच्याच नोकरांपासून दिलेल्या अभयाचे होते.

याच वंशाच्या ज्येष्ठ शाखेतील द्वितीय प्रवरसेनाचा अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथील ताम्रपट याहून पुढे जातो. त्यात दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे म्हटले असले, तरी दान घेणाऱ्यांनी राज्यद्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी व व्यभिचार यांपासून दूर राहावे, लढाई करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, अशा अटी घातल्या आहेत; अट मोडल्यास दिलेले परत घेणारा राजा चोर ठरणार नाही, असेही स्पष्ट केले आहे. केंद्र सरकारच्या 1972 च्या निवृत्तिवेतन नियमांतही भावी सद्वर्तन ही निवृत्तिवेतनाची गर्भित, म्हणजे न उच्चारताही लागू असलेली, अट मानली होती आणि गंभीर अपराध सिद्ध झाल्यास ते रोखण्याचा अधिकार राखून ठेवला होता. दोन्ही व्यवस्थांत दीड हजार वर्षांचे अंतर असूनही देणाऱ्याची भूमिका एकच दिसते. देणे कायमचे आहे, परंतु घेणाऱ्याच्या आचरणावरची नजर हटलेली नाही.

तथापि सेवकाच्या उत्तरायुष्याचा विचार दानाच्या चौकटीबाहेर करण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष, म्हणजे जकातीचा प्रमुख, आणि अंतपाल, म्हणजे सीमेचा रक्षक, या दोन अधिकाऱ्यांची कामे तपशीलवार सांगितली आहेत. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा बांधावी, तिच्यावर ध्वज उभारावा, आणि चार-पाच शुल्क घेणाऱ्यांनी आलेल्या व्यापाऱ्याचे नाव, तो कोठून आला, किती माल आणला आणि मालावर पहिली मुद्रा कोठे उमटली, हे लिहून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. अंतपालाने वाटेवरील वर्तनी, म्हणजे मार्गकर, घ्यावा आणि त्याच्या हद्दीत व्यापाऱ्याचा माल हरवला किंवा चोरीस गेला तर त्याची भरपाई करून द्यावी, असाही नियम आहे. इतकी कठोर जबाबदारी लादणारा हाच ग्रंथ पुढे भृत्यांच्या, म्हणजे सेवकांच्या, भरणपोषणाच्या प्रकरणात सांगतो की कामावर असताना मरण पावलेल्यांच्या पत्नीला व मुलांना अन्न आणि वेतन मिळावे, आणि त्यांच्या घरातील बालक, वृद्ध व आजारी यांच्यावरही राजाने अनुग्रह करावा. सीमेवरच्या कामात लोभ आणि प्राणभय ही दोन संकटे सतत समोर असतात. ज्याच्या हाती परक्याचे धन येते आणि ज्याच्या अंगावर परक्याचे शस्त्र येते, त्याच्या घराची काळजी राज्याने वाहिली नाही, तर त्याने निर्लोभ व निर्भय राहावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार राज्याला उरत नाही.

इंग्रजी अमदानीत मात्र निवृत्तिवेतनाकडे पुन्हा कृपा म्हणून पाहिले गेले. 1871 च्या पेन्शन कायद्याने सरकारने दिलेल्या पेन्शनसंबंधीचे दावे सामान्यतः दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. ज्याच्याकडे दाद मागावयाची तोच देणारा, अशी ती स्थिती होती. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नसून सेवकाची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला; आणि 17 डिसेंबर 1982 रोजी, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात, केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये भेद करणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे ठरवले. तो दिवस निवृत्तिवेतनधारक आजही पेन्शनर्स दिन म्हणून पाळतात, यातच दान आणि हक्क यांतील अंतर त्यांना किती जवळून जाणवले होते, हे दिसते.

येथे धर्मविचाराच्या बाजूने एक गंभीर आक्षेप उभा राहतो. फळाची आशा न ठेवता कर्तव्य करावे, हा गीतेचा निष्काम कर्माचा उपदेश लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा, म्हणजे लोकहितासाठी करावयाच्या कर्माच्या मार्गाचा, पाया म्हणून मांडला. मग देशाची सीमा राखणाऱ्याने उत्तरायुष्यातील पैशाचा हिशेब मांडणे हे त्या उपदेशाशी विसंगत नाही काय? या आक्षेपात कर्ता आणि ऋणको यांची गल्लत झाली आहे. फलत्यागाचा उपदेश कर्म करणाऱ्याला केलेला आहे. ज्याच्यासाठी ते कर्म झाले, त्याला ते फळ अडवून ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. सेवकाने मोबदल्याकडे डोळे लावून काम करू नये हे जितके खरे, तितकेच राज्याने त्याच्या निरपेक्षतेचा फायदा घेऊ नये हेही खरे आहे. किंबहुना ज्याला म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही अशी शाश्वती आहे, त्यालाच आजचे कर्तव्य निर्लेप मनाने करणे शक्य होते; चरितार्थाची धास्ती घेऊन बसलेल्या माणसाकडे फलत्यागाची मागणी करणे हा धर्म नव्हे.

भारतीय दर्शनांनी कर्मविचारात दोन दोष सांगितले आहेत. केलेल्या कर्माचे फळ बुडणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. हेमचंद्रासारख्या जैन आचार्यांनी प्रतिपक्षाचे खंडन करताना हे दोष वापरले, आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील ग्रंथभांडारांनी ज्या जैन विद्येचे शतकानुशतके जतन केले, तिच्यात कर्म आणि फळ यांच्या अतूट संबंधाला मोठे स्थान आहे. निवृत्तिवेतनाचा न्याय या दोन दोषांच्या मध्ये उभा आहे. प्रामाणिक सेवकाची अखेर उपेक्षेत व्हावी, हा कृतनाश होय. शुल्काच्या चौकीवर लाच खाणाऱ्यानेही तोच मान उपभोगावा, हा अकृताभ्यागम होय. म्हणूनच सेवेतून बडतर्फ झालेल्याची मागील सेवा जप्त होते. परंतु विशेष परिस्थितीत त्यालाही निवृत्तिवेतनाच्या दोनतृतीयांशापर्यंत अनुकंपा भत्ता देण्याची तरतूद नियमांनी केली आहे. ऋण फेडणे, दंड करणे आणि दया दाखवणे या तिन्ही गोष्टींना तेथे वेगवेगळी जागा आहे, आणि दयेची जागा अपवादात आहे. प्रामाणिकाला जे मिळते ते दयेच्या खाती मांडता येत नाही.

1 जानेवारी 2004 रोजी किंवा त्यानंतर केंद्रीय सेवेत आलेल्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली, तेव्हा या विचाराला नवे वळण मिळाले. जुन्या व्यवस्थेत पूर्ण निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे असे आणि ते देण्याचे वचन राज्याचे होते. नव्या योजनेत सेवकाचा व सरकारचा हिस्सा बाजारात गुंतवला जातो आणि त्या संचयातून जे निघेल ते त्याचे. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ही योजना लागू झाली, तशीच 1965 साली स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलातील जवानांनाही. भूदल, नौदल व वायुदल मात्र तिच्यातून वगळले गेले. एकाच सीमेवर शेजारी उभ्या असलेल्या दोन शस्त्रधाऱ्यांपैकी एकाला वचन आणि दुसऱ्याला केवळ संचय मिळावा, यामागे प्रशासकीय कारणे असतील, परंतु नैतिक कारण सापडत नाही. 1 एप्रिल 2025 पासून सुरू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेने पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देऊन वचनाकडे काही पावले परत टाकली आहेत. बचत ज्याची त्याची असते. ऋणाला मात्र दोन पक्ष लागतात, आणि बाजार पडला म्हणून ऋणकोला आपले देणे कमी करता येत नाही.

या नात्याचे जिवंत रूप दर नोव्हेंबरात पाहावयास मिळते. जिल्ह्याच्या गावी बँकेत किंवा सुविधा केंद्रात निवृत्त सेवक अथवा त्याची विधवा हयातीचा दाखला देण्यासाठी येते. आयुष्यभराच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा ओळखत नाही, बोट पुसून पुन्हा ठेवावे लागते, आणि अखेर ओळख पटली की पुढील वर्षाची निश्चिंती होते. त्या क्षणी राज्य त्या व्यक्तीला आज तुझा काय उपयोग आहे असे विचारत नाही. ती हयात आहे एवढेच त्याला पुरते. उपयोग संपल्यानंतरही माणसाचे मोल संपत नाही, हे तत्त्व येथे एका साध्या कागदात उतरले आहे, आणि वाढत्या वयाबरोबर, ऐंशीव्या वर्षापासून वीस टक्के आणि शंभराव्या वर्षापासून शंभर टक्के, अतिरिक्त निवृत्तिवेतन देण्याच्या नियमात ते अधिक ठळक झाले आहे.

परंतु वाशिममधून पाहताना शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप टाळता येत नाही. सोयाबीन, तूर आणि कापूस पिकवणारा येथील शेतकरी प्रत्येक खरेदीवर अप्रत्यक्ष कर भरतो. त्याच महसुलातून निवृत्तिवेतन दिले जाते, आणि त्याच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी मात्र निराधारांकरिता असलेली श्रावणबाळ योजना किंवा साठीनंतर दरमहा 3000 रुपये देणारी अंशदायी किसान मानधन योजना एवढाच तुटपुंजा आधार असतो. ज्याचे ऋण फेडले जाते त्याच्यापेक्षा फेडणारा अधिक निराधार असेल, तर त्या व्यवस्थेला पूर्ण धर्म्य म्हणता येणार नाही. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि त्या ऋणात सीमा राखणारा व शेत राखणारा यांच्यात भेद नाही. म्हणून सेवकाच्या हक्कात काटछाट करून समता आणण्याचा मार्ग उलट्या दिशेचा ठरतो. सेवकाचा हक्क ज्या तत्त्वावर उभा आहे तेच तत्त्व शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे, हाच त्या हक्काचा खरा विस्तार होय. आपल्यासाठी राबून थकलेल्या माणसाचे देणे समाजावर असते हे एकदा मान्य केले, की ते देणे गणवेश पाहून द्यावयाचे की कष्ट पाहून, या प्रश्नाचे उत्तर त्या मान्यतेतच आलेले असते, आणि ते टाळणाऱ्या राज्याला आपल्या निवृत्त सेवकांना दिलेले वेतनही ऋणफेड म्हणून मिरवता येणार नाही.